जीवनगौरव जाहीर झाला? तब्येत बरी आहे ना?

कुठल्याही ज्येष्ठ नटाला जीवनगौरव जाहीर झाल्याची बातमी आली की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज अभिनंदनाचा नसतो, "अरे बापरे, तब्येत बरी आहे ना त्यांची?" असा असतो. हसू येतं, पण हा प्रश्न उगाच येत नाही. आपल्याला तशी सवयच लावलीय या पुरस्कारांनी.

एकाच घरातलं उदाहरण घ्या. कपूरांच्या घरात दादासाहेब फाळके पुरस्कार तीनदा आला. पृथ्वीराज कपूरांना १९७१ सालचा मिळाला तो मरणोत्तर. राज कपूर २ मे १९८८ ला तो घ्यायला दिल्लीत आले तेव्हा दम्याने त्यांना श्वास घेता येईना, राष्ट्रपती वेंकटरमण प्रोटोकॉल बाजूला ठेवून स्टेजवरून खाली उतरले आणि राज कपूर बसले होते तिथे जाऊन पुरस्कार दिला, तिथून त्यांना थेट हॉस्पिटलमध्ये नेलं आणि बरोबर एक महिन्याने २ जूनला ते गेले. शशी कपूरना २०१४ सालचा मिळाला तेव्हा ते व्हीलचेअरवर होते, मंत्रीच मुंबईला पृथ्वी थिएटरमध्ये आले आणि तिथे दिला. तीन पुरस्कार, त्यात एक गेल्यानंतर, एक जाता जाता आणि एक व्हीलचेअरवर. प्राणसाहेबांचं तेच, २०१२ चा पुरस्कार मे २०१३ मध्ये घरी नेऊन दिला आणि जुलैमध्ये ते गेले. विनोद खन्ना एप्रिल २०१७ मध्ये गेले आणि त्यांचं नाव जाहीर झालं पुढच्या वर्षी. त्यांना कळलंही नाही बिचाऱ्यांना.

आता यावर लगेच कुणीतरी म्हणेल, अहो देशात एवढे कलाकार, पुरस्कार वर्षाला एक, रांग लागणारच, उशीर होणारच. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की हा उशीर चुकून होत नाही, जीवनगौरव नावाची गोष्ट चालतेच मुळी उशिरावर. ज्या वर्षी नटाने काम केलं त्या वर्षी त्याला दाद देणं अवघड असतं, कारण तेव्हा वाद होतो, दुसरा नट नाराज होतो, निर्माता फोन करतो, शिवाय कमिटीला स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवावा लागतो की हे काम खरंच मोठं आहे. वीस-तीस वर्षांनी हे सगळं मिटलेलं असतं. माणूस म्हातारा झालेला असतो, कुणाचा स्पर्धक नसतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि देणाऱ्याचा फोटोही चांगला येतो. म्हणजे सोय कुणाची होते बघा.

शिवाजी गणेशनचं बघा. तमिळमध्ये अभिनय म्हटलं की ज्या माणसाचं नाव आधी घेतात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार आयुष्यात एकदाही मिळाला नाही, फाळके मात्र मिळाला, १९९६ चा. सौमित्र चॅटर्जी सत्यजित रायांच्या चौदा चित्रपटांत होते, जगभर लोक त्यांचं काम बघून अभिनय शिकले आणि आपल्याकडे त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो थेट २००६ सालचा, सत्तरी गाठल्यावर. त्याआधी त्यांनी पद्मश्री नाकारली होती, २००१ मध्ये ज्युरीचा पुरस्कारही नाकारला होता. मग २०११ चा फाळके दिला. हे म्हणजे शाळेत पन्नास वर्षं नापास करायचं आणि शेवटी मानद पदवी द्यायची.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही हां, नाहीतर लगेच आपलं रडगाणं सुरू होतं. ऑस्करवाल्यांचा तर यात हात कुणी धरणार नाही. पीटर ओ'टूल, सात वेळा नॉमिनेशन आणि सातही वेळा हात हलवत परत. मग २००३ मध्ये अकादमीने मानद ऑस्कर देऊ केलं तर त्यांनी उलट पत्र लिहिलं की मी अजून खेळात आहे, ते बाहुलं स्वतःच्या हिमतीवर जिंकीन, तेव्हा मी ऐंशीचा होईपर्यंत जरा थांबता का. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. शेवटी समजूत पटली आणि त्यांनी घेतलं. गंमत म्हणजे पुढे २००७ मध्ये त्यांना खरंच आठवं नॉमिनेशन मिळालं, म्हणजे ते बोलले ते काही पोकळ नव्हतं. जिंकले नाहीत ते सोडा. पॉल न्यूमनना १९८६ मध्ये मानद दिलं तेव्हा ते एकसष्टचे होते, त्यांनी आभार मानताना टोमणा मारला की बरं झालं हे दफनभूमीच्या गिफ्ट कूपनमध्ये गुंडाळून आलं नाही, आणि पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर जिंकून दाखवलं. हेन्री फोंडांना १९८१ मध्ये मानद आणि १९८२ मध्ये खरं, पण तोवर ते इतके आजारी होते की मुलगी जेन स्टेजवर गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. २००९ पासून तर हे मानद पुरस्कार मुख्य सोहळ्यातून काढून वेगळ्या जेवणाच्या कार्यक्रमात टाकलेत. टीव्हीवर म्हातारे दिसले तर लोक चॅनेल बदलतात असं वाटलं असावं बहुतेक, माझा आपला अंदाज.

अमिताभ बच्चननी २०१९ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात फाळके घेताना जे म्हटलं ते मला ओ'टूलच्या पत्राचंच हिंदी भावंड वाटतं. पुरस्कार जाहीर झाल्यावर मनात शंका आली की हा इशारा तर नाही ना, की खूप काम केलंस आता घरी बस आणि आराम कर, अशा अर्थाचं ते बोलले. लोक हसले. मला ते पूर्ण विनोदी वाटलं नाही.

आता मुद्दा असा की उशिरा देण्याने फक्त हळहळ वाटते एवढंच नुकसान नाही, उशिरा देण्यात माणसं गळतात, आणि कोण गळतं ते बघायला पाहिजे. फाळके पुरस्कार १९६९ सालापासून आहे, आणि पहिलाच एका अभिनेत्रीला दिला, देविका राणींना. पुढे १९७३ चा रूबी मायर्सना, १९७६ चा काननदेवींना, १९८३ चा आपल्या दुर्गाबाई खोट्यांना. मग? मग २०२० सालच्या आशा पारेखपर्यंत एकही अभिनेत्री नाही. सदतीस वर्षं! मध्ये लताबाई आणि आशाबाई आहेत पण त्या गायिका म्हणून. अभिनय करणारी बाई एक नाही. या सदतीस वर्षांत दिलीप कुमार, देव आनंद, कन्नडचे राजकुमार, मनोज कुमार सगळे येऊन गेले, आणि ते यायलाच पाहिजेत, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण याच काळात नूतन गेली, लीला चिटणीस गेल्या, ललिता पवार गेल्या, निरुपा रॉय गेल्या.

ललिताबाईंवर जरा थांबतो. मूकपटापासून काम करणारी बाई, १९४२ मध्ये एका सीनमध्ये सहकलाकाराची थप्पड खरोखर एवढ्या जोरात बसली की चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. हिरॉइनचं करिअर तिथेच संपलं. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. यांनी त्या बारीक झालेल्या डोळ्याचाच उपयोग केला आणि खाष्ट सासूची अशी काही मूर्ती उभी केली की आजही घरात कुणी टोचून बोललं की लोक त्यांचं नाव घेतात. संगीत नाटक अकादमीने १९६१ मध्ये दखल घेतली, तेही खरं. पण फाळके कमिटीकडे त्या १९९८ ला जाईपर्यंत जवळजवळ तीस वर्षं होती. सुलोचनादीदींचंही तेच, त्यांना पद्मश्री मिळाली, २००९ चा महाराष्ट्र भूषण मिळाला, पण फाळके द्या म्हणून मराठी माणसं कित्येक वर्षं सांगत राहिली आणि जून २०२३ मध्ये दीदी गेल्या. पडद्यावर आई झालेल्या बायकांना आपण आईसारखंच वागवतो, म्हणजे गृहीत धरतो.

यात अजून एक गळती आहे, चरित्र अभिनेत्यांची. यादी काढून बघा, नट म्हणून ज्यांना फाळके मिळाला ते जवळपास सगळे हिरो. खलनायक आणि चरित्र भूमिका हाच ज्याचा मुख्य धंदा असा माणूस शोधायला गेलं तर प्राण सापडतात आणि मग शोधत बसावं लागतं. म्हणजे आपण अभिनयाचा गौरव करतोय की पोस्टरचा? निळूभाऊ फुल्यांसारखा नट, ज्याला बघून गावाकडच्या बायका खरोखर शिव्या द्यायच्या, तो २००९ मध्ये गेला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार होता त्यांना, पण देशपातळीवरच्या त्या मोठ्या यादीत ते कधी बसणारच नव्हते, कारण त्या यादीचा साचाच वेगळा. आणि टायमिंगचं राजकारण वेगळंच, रजनीकांतचा फाळके १ एप्रिल २०२१ ला जाहीर झाला आणि ६ एप्रिलला तमिळनाडूत मतदान होतं. योगायोग असेल. रजनीकांतला द्यायला नको होता असं मी म्हणतच नाही, पण पुरस्काराची तारीख कलाकाराच्या कामावरून ठरावी, कॅलेंडरवरच्या दुसऱ्या कुठल्या चौकोनावरून नको.

पैशाचं बोलूया का? बोलायला पाहिजे, जरी कलाकाराच्या बाबतीत पैशाचं बोललं की लोकांना कमीपणा वाटतो. ए. के. हंगल यांना २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २०११ मध्ये बातम्या आल्या की औषधांचा खर्च झेपत नाहीये, मग इंडस्ट्रीतून आणि सरकारकडून मदत गेली. झोहरा सेहगलना २०१० मध्ये पद्मविभूषण, त्यांना हवा होता तळमजल्यावरचा एक साधा सरकारी फ्लॅट, म्हातारपणी जिने चढवत नाहीत म्हणून, तो मिळालाच नाही आणि १०२ व्या वर्षी त्या गेल्या. पदक देता येतं, तळमजला देता येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचतात त्या तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर. गरोदरपणात फडावर उभ्या राहिल्या, प्रयोग चालू असताना आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत येऊन नाचल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान एकदा नाही, दोनदा, १९५७ आणि १९९०. आणि २००२ मध्ये गेल्या तेव्हा हॉस्पिटलचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरलं. नंतर २००६ पासून राज्य सरकारने तमाशासाठी जीवनगौरव सुरू केला. नाव कुणाचं? विठाबाईंचं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वाईट काही नाही त्यात, दुसऱ्या कलावंतांना त्या नावाने काहीतरी मिळतंय ही चांगलीच गोष्ट, पण ज्या बाईच्या नावाने आपण जीवनगौरव देतो तिच्या जीवनात आपण कुठे होतो?

म्हाताऱ्या कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, महिना ५,००० रुपये. कमी आहेत हे सांगायला नको, पण एक सांगतो, मला ही योजना कित्येक जीवनगौरवांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. ती दर महिन्याला येते, तिच्यात भाषण नसतं.

केंद्राने एकदा मात्र गंमतच केली. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त संगीत नाटक अकादमीने अमृत पुरस्कार काढले, अट अशी की कलाकार पंचाहत्तरच्या पुढचा हवा आणि त्याला तोवर कुठलाही राष्ट्रीय सन्मान मिळालेला नसावा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिले आणि अशी ऐंशीहून जास्त माणसं निघाली, नाटक, नाच, गाणं, लोककला सगळीकडची. म्हणजे सरकारनेच एका दमात कबूल केलं की एवढे लोक आमच्या नजरेतून सुटले होते. मला ते आवडलं, खोटं नाही बोलत. पण त्या अटीतला पंचाहत्तरचा आकडा बघा. चौऱ्याहत्तरच्या माणसाने काय करायचं, वाट बघायची?

नाटकाच्या बाबतीत तर हा उशीर जास्तच महाग पडतो. सिनेमावाल्याचं काम निदान कुठेतरी राहतं, यूट्यूबवर का होईना सापडतं. नाटकवाल्याचं काम पडदा पडला की गेलं. गणपतराव जोशींचा हॅम्लेट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने डोक्यावर घेतला, आज आपल्याकडे काय आहे त्याचं? वर्णनं. असं म्हणायचे, तसं बघायचे, बाया-बापड्या रडायच्या, बस. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सांगलीत विष्णुदास भावे पदक देतात, १८४३ मध्ये तिथेच पहिला प्रयोग झाला म्हणून, मराठी नटाला त्याच्यासारखा मान नाही आणि तो तसाच राहावा. पण त्या दिवशी त्या नटाचं काम रेकॉर्ड करून ठेवायचं कुणी? त्याने ती एंट्री कशी बांधली, ते वाक्य उचलताना श्वास कुठे घेतला, लाफ्टर आला तर पुढचं वाक्य किती थांबवलं, हे त्याच्या डोक्यात आहे आणि ते डोकं ऐंशी वर्षांचं झालंय. डॉ. लागू डॉक्टरकी सोडून नाटकात आले आणि पुढे सविस्तर लिहून ठेवलं म्हणून निदान ते तरी हाताशी आहे. सगळे नट लिहिणारे नसतात.

जपानमध्ये एक पद्धत आहे ती मला फार पटते. तिथे १९५० च्या दशकापासून मोठ्या कलाकारांना, काबुकी या तिथल्या पारंपरिक नाटकाच्या नटांनासुद्धा, जिवंत राष्ट्रीय ठेवा ठरवतात आणि वर्षाला २० लाख येन देतात, पण ते पैसे शाबासकी म्हणून नसतात, पुढच्या पिढीला शिकवायला असतात. स्त्री भूमिका करणारे बांदो तामासाबुरो यांना हा मान २०१२ मध्ये मिळाला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते, स्टेजवर काम करत होते. म्हणजे सन्मान झाला आणि दुसऱ्या दिवशी तालीम. आपल्याकडे सन्मान झाला की दुसऱ्या दिवशी लोक विचारतात, आत्मचरित्र कधी?

तर मला काय हवंय ते सांगतो. जीवनगौरव साठीच्या आसपास द्या, आवाज लागतोय आणि पाठांतर राहतंय तोवर. रकमेचा मोठा भाग एका निर्मितीसाठी द्या, तुम्हाला राहून गेलेली भूमिका करा, हे घ्या पैसे, हॉल आमचा, तालमीची जागा आमची. सोबत चार तरुण नट वर्षभर त्यांच्याकडे बसवा आणि सगळं रेकॉर्ड करा, चांगल्या कॅमेऱ्याने, मोबाइलवर नको. नावातलं "जीवन" खटकत असेल तर नाव बदला. साठीला दिला आणि नंतर माणूस वाईट काम करायला लागला तर काय, असं विचारणारे आहेत. करू दे की! नटाला वाईट काम करायचाही हक्क आहे, आपण काय त्याचा पुतळा विकत घेतलाय का?

बालगंधर्वांची गोष्ट सगळ्यांना माहितीय पण तरी. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द त्यांच्या हातून झालं. बांधकाम रेंगाळलं. ते गेले जुलै १९६७ मध्ये आणि रंगमंदिर उघडलं जून १९६८ मध्ये. अकरा महिने कमी पडले. इमारत छान आहे, आम्ही सगळे तिथे वाढलो, तिथला बटाटेवडा खाऊन वाढलो म्हणा हवं तर.

मागे एका सत्काराला गेलो होतो, गाव आणि संस्था राहू दे. सत्कारमूर्ती नाटकातले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून काम करणारे. चार पाहुणे, चौघांची भाषणं, त्यातल्या एकाने त्यांचं नावच चुकवलं आणि दुसऱ्याने त्यांनी कधी न केलेल्या भूमिकेचं तोंडभरून कौतुक केलं. शाल खांद्यावरून सारखी घसरत होती, ते ती सारखी वर घेत होते. पावणेदोन तासांनी त्यांची पाळी आली तेव्हा निवेदिका म्हणाली, वेळेअभावी सत्कारमूर्तींनी दोन शब्दांत मनोगत व्यक्त करावं. ते उठले, माइक बाजूला सारला, "आभारी आहे" म्हणाले, मोजून दोन शब्द, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या पडल्या, फोटो झाले. नंतर मी पाया पडायला मागे गेलो तर त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली होती, आणि संस्थेच्या सेक्रेटरींना विचारत होते, "पुढच्या महिन्यात आमचा प्रयोग लावतोय इथे, हॉलच्या भाड्यात काही कमी होईल का हो?"

सेक्रेटरी म्हणाले, "बघू, कमिटीपुढे ठेवतो."